पडून राहण्याचं काम

९ जानेवारी, सांगली

ही डायरी सुलामावशीनं दिली. पतसंस्थेनं सभासदांना वाटलेली, तिला नको होती. म्हणाली, "बोलत नाहीस तर निदान लिहीत जा." मावशीला वाटतं माझ्या आत काहीतरी साठलंय, आणि ते एकदा बाहेर पडलं की मी बरी होईन. मला तसं साठल्यासारखं काही वाटत नाही. पण मावशी चांगली आहे, म्हणून लिहिते.

मी पल्लवी. माहेर वाईचं, सासर शिराळ्याजवळच्या गावात. दसऱ्यानंतर अरुणाचलात ह्यांची गाडी दरीत गेली. फौजेची गाडी, घाटरस्ता, पाऊस. गोळी नाही, शत्रू नाही. गावानं तरी चौकात मोठा फ्लेक्स लावला आणि ह्यांच्या मागे रणगाडा छापला. हे रेशन-पुरवठ्याच्या कामात होते. रणगाड्याजवळ कधी गेले असतील असं वाटत नाही.

पेटी उघडू नका, असं बरोबर आलेल्या साहेबांनी मामंजींना बाजूला घेऊन सांगितलं. मामंजी स्वतः फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी मान हलवली. त्यामुळे कुणीच काही पाहिलं नाही. तिरंगा, फुलं, पेटी. बायकांनी मला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकीनं तर दंडाला चिमटा काढला. मला रडू आलं नाही. माणूस तसा ओळखीचाच किती होता? लग्नाला चार वर्षं झाली, पण राहिलो ते सुट्टीपुरते. बाकी सगळा फोन. त्यांचा आवाज आठवायला गेलं तर फोनमधलाच आठवतो, मध्येच तुटणारा.

इथं टायपिंगच्या क्लासला आले आहे. मामंजींनीच पाठवलं, घरात बसून राहते म्हणून. इथंही बसूनच राहते.

१४ जानेवारी

संक्रांत. मावशी हळदीकुंकवाला निघाली, पण दारातच घुटमळत होती. "तू एकटी काय करशील?" मी म्हटलं, जा. मला खरंच काही वाटलं नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून या घरातून त्या घरात जात होत्या. मी पायरीवर बसून बघत होते.

समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर संयोगिता मॅडम राहतात. हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या, आता रिटायर आहेत. एकट्याच असतात. त्या गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, तुम्ही मघापासून हलला नाहीत."

मी म्हटलं, "हलायला हवं होतं का?"

"नाही, नाही! हलू नकाच." त्या तशाच चप्पल न घालता खाली आल्या. हाताला निळा रंग लागलेला. म्हणाल्या, त्यांना एक मोठं चित्र करायचंय. पहुडलेली स्त्री, अंगावर फक्त एक मोठं वस्त्र, जुन्या ग्रीक पुतळ्यांसारखं. समोर बसायला जी बाई यायची तिचा गुडघा मोडला. "मुलींना विचारलं तर त्या दहा मिनिटांत मोबाईल शोधतात. तुम्ही पडून राहाल का? तुमच्या वेळेनं. जे काय होईल ते देईन."

पैसे नको म्हटलं. येईन म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. दुपारी क्लासनंतर मला काही काम नसतं.

१६ जानेवारी

आज पहिल्यांदा गेले. वरची खोली लांबट आहे, उत्तरेला मोठी खिडकी. टर्पेंटाईनचा वास. कोपऱ्यात प्लॅस्टरचा एक पुतळा आहे, हात नसलेल्या बाईचा. मॅडम म्हणाल्या, त्यांच्या कॉलेजातून टाकून देत होते, त्यांनी रिक्षातून मांडीवर घेऊन आणला. "पदराच्या चुण्या कशा पडतात ते मी हिच्याकडून शिकले. लोक म्हणतात, असली चित्रं आता कोण काढतं. मी पस्तीस वर्षं मुलांकडून एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी फुलदाण्या काढून घेतल्या. मला एकदा हे काढायचंय."

कापड म्हणजे मांजरपाट. चहाच्या पाण्यात बुडवून त्याचा कोरा पांढरेपणा घालवलेला. आत माझा परकर, ब्लाऊज. एक खांदा उघडा ठेवायचा होता, तो ठेवला. लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही.

मग दिवाणावर कसं पडायचं यावर बराच वेळ गेला. मॅडमनी पुस्तकातली चित्रं दाखवली, लोडावर रेललेल्या बायका, एक हात डोक्यामागे. तशी पडले की मॅडम म्हणत, "नाही. फोटो काढायला बसल्यासारखं दिसतंय." शेवटी वैतागून म्हणाल्या, "तुम्हाला जसं पडावंसं वाटेल तसं पडा बघू."

मी उजव्या कुशीवर पडले. उजवा हात दुमडून डोक्याखाली घेतला आणि डाव्या हातानं त्याचा कोपर धरला. उशी बाजूला सारली.

मॅडम म्हणाल्या, "आता हलू नका."

नाही हलले. पायाला मुंग्या आल्या, मग गेल्या, मग पायच नसल्यासारखं झालं. माशी बसली ती उडवली नाही. पाच वाजता मॅडम म्हणाल्या, "उठा, किती वेळ!" त्या दमल्या होत्या. मी नाही.

२१ जानेवारी

रोज जाते. आता मॅडम मला अगं म्हणतात. कोळशानं कॅनव्हासवर आकार काढून झाला. मोठा आहे, जवळजवळ माझ्याएवढा. मावशीला सांगितलंय की मॅडमकडे मदतीला जाते. खोटं नाही.

रात्री नऊला फोन हातात घेते. ह्यांचा त्या वेळी यायचा. सवय. त्यांच्या नंबरावर अजून रिचार्ज मारते, नाहीतर नंबर दुसऱ्या कुणाला देतात म्हणे. उगाच कुणाला तरी त्रास नको.

२६ जानेवारी, सासरी

झेंडावंदनाला गावी बोलावलं होतं. सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं, शाळेतल्या मुलांनी घोषणा दिल्या. मला मुलांचे पाय दिसत होते, अनवाणी, थंडीनं पांढरे पडलेले. परत घरी आल्यावर मामंजींनी सोप्यात बोलावलं.

"सूनबाई, बसा. एक बोलायचं हाय."

बसले. मामंजी बोलताना भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे बघत होते. "वीरधवलचं आन् तुमचं लावून द्यावं, आसं आमच्या मनात हाय. घरची सून घरात ऱ्हाईल. अक्षय्य तृतीयेला, चार माणसांत. मानूस गेलं म्हून घर मोडायचं न्हाई. तुमच्या बाळासोदादाशी बी बोलणं झालंय. त्येंची ना न्हाई."

वीरधवल भावजी ह्यांचे धाकटे भाऊ. कारखान्यावर हंगामी कामाला आहेत. माझ्यापेक्षा लहान. ते त्या वेळी अंगणात मोटारसायकल पुसत होते. पुसून झालेली जागाच पुन्हा पुन्हा पुसत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"तुमचं काय म्हणणं?" मामंजींनी विचारलं.

"तुम्ही ठरवाल तसं," मी म्हटलं.

क्लासला सकाळच्या बॅचला बसणार की दुपारच्या, असं विचारल्यासारखं वाटलं. दोन्ही सारख्याच.

२ फेब्रुवारी

भाकरी करताना मनगट तव्याला लागलं. फोड आल्यावर कळलं. मावशी किती ओरडली.

मॅडमनी रंग लावायला घेतले आहेत. कापडाला पांढरा रंग अगदी थोडा लागतो म्हणाल्या. सावलीत निळा, मातकट, थोडा हिरवासुद्धा. "पांढरं पांढऱ्यानं रंगवलं की मरतं." त्या काम करताना सारखं बोलतात. मी ऐकते. उत्तर द्यावं लागत नाही हे बरं.

८ फेब्रुवारी, वाई

दादानं बोलावलं म्हणून आले. त्यानं तीच गोष्ट पुन्हा काढली. "पल्लवे, त्यात वाईट काय आहे? पोरगा निर्व्यसनी आहे. माणसं ओळखीची. दुसरीकडं कुठं जायचं म्हटलं तर नव्यानं सगळं सुरू. तू काय म्हणालीस मामंजींना?"

"तुम्ही ठरवाल तसं."

"झालं तर मग." तो मोकळा झाला. वहिनीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताटात आणखी भात वाढला.

दुपारी घाटावर गेले. कृष्णेला पाणी कमी. कुणीतरी धोतर पिळून पायरीवर टाकलं होतं. त्याच्या चुण्या बघत उभी राहिले. एक लांब चुणी वरून खालपर्यंत सलग आली होती आणि पायरीच्या कडेवर मोडून पुन्हा सरळ झाली होती. मोडली तिथं सावली निळी होती. मॅडमना दाखवायला हवी होती. फोटो काढला. तेवढ्यात धोतरवाले गुरुजी आले आणि माझ्याकडे संशयानं बघत ते उचलून घेऊन गेले.

१२ फेब्रुवारी

मॅडम आज चिडल्या. माझ्यावर नाही, चित्रावर. दंड झाला, खांदा झाला, कापड तर असं झालंय की हात लावावासा वाटतो. पण चेहरा होत नाही. तिसऱ्यांदा पुसून काढला.

"पडलीस की तू काय विचार करतेस गं?"

"काही नाही."

"काहीतरी येत असेल मनात."

मी खरंच आठवून पाहिलं. "नाही येत."

त्या ब्रश पुसत बसल्या. "मी तेच काढतेय मग. काहीच नाही. शरीर झोपलंय असं वाटतं आणि चेहऱ्याकडे बघितलं की..." कोपऱ्यातल्या पुतळ्याकडे बघून म्हणाल्या, "हिचा चेहरा कसा शांत आहे, बघ. शांत वेगळं आणि नाहीच ते वेगळं."

मला वाईट वाटायला हवं होतं. त्यांचं काम माझ्यामुळे अडलंय. चहा करून दिला.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. रस्त्यावर ढोल. त्या आवाजात जिन्यावरची पावलं ऐकूच आली नाहीत. सुलामावशी मला शोधत थेट वर आली. मी दिवाणावर, अंगावर ते कापड, डोळे मिटलेले. मावशी दारातच किंचाळली.

"अगं बाई! हे काय मांडलंय? मयतावर घालतात तसलं!"

मी उठून बसले. मॅडम म्हणाल्या, "अहो, चित्र आहे. ग्रीक पद्धतीचं..."

"काय पद्धतीचं असंल ते तुमच्यापाशी ठेवा. नवरा जाऊन वर्ष झालं नाही पोरीला, आणि तुम्ही तिला पांढऱ्यात गुंडाळून निजवताय? माणसाची छाती फुटंल बघून." मावशी रडायला लागली होती. तिनं माझा दंड धरला आणि मला तशीच, कापडासकट जिन्याकडे ओढलं. मॅडमच्या हातातल्या ब्रशवरून रंग फरशीवर टपकत होता.

घरी आल्यावर मावशीनं शिराळ्याला फोन लावला. मला न्यायला या म्हणाली. मी बाजूला बसून मांजरपाटाची घडी घालत होते. मला एवढंच वाटत होतं की चुरगळू नये. पिना टोचून टोचून मॅडमनी चुण्या बसवल्या होत्या.

मयताचं मला सुचलं नव्हतं. मावशी म्हणाली तेव्हा पटलं. हो, तसंच दिसतं.

२२ फेब्रुवारी

वीरधवल भावजी न्यायला आले. मामंजींनी पाठवलं. मावशीनं त्यांना जेवायला वाढलं, तोपर्यंत मी बॅग भरली. निघताना म्हटलं, "मॅडमचं कापड द्यायचं राहिलंय. देऊन येते."

"मी बी येतो," ते म्हणाले. त्यांना तसं सांगितलं असावं. मला एकटीला सोडायचं नाही असं.

मॅडमनी दार उघडलं. आमच्याकडे बघून बाजूला झाल्या. मी कापड दिवाणावर ठेवलं. भावजी चप्पल काढून आत आले आणि चित्रासमोर उभे राहिले. मला वाटलं आता हेही ओरडणार.

ते चित्राच्या आणखी जवळ गेले. मग म्हणाले, "वैनी, ह्ये तुमाला कुणी शिकवलं?"

"काय?"

"आसं झोपायचं. कोपर धरून."

"कुणी नाही. मी आपली पडले."

"दादा आसाच झोपायचा." त्यांनी हात वर करून चित्रातल्या हाताकडे दाखवलं, पण बोट लावलं नाही. "उशी न्हाई, काय न्हाई. उजव्या कुशीला, हात डोस्क्याखाली आन् ह्यो कोपर धरलेला. बारकं असताना आमी एका वाकळंत झोपायचो. रातभर त्येचा कोपर माझ्या नाकाव." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "माझं तर ध्यानातनंच गेलं हुतं, वैनी."

मी चित्राकडे बघितलं. ती मी होते. खांदा माझा, केस माझे.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

आम्ही मोटारसायकलवरून निघालो. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, एकामागून एक. पेठ नाक्याच्या अलीकडे भावजींनी गाडी बाजूला घेतली. चहाची टपरी होती. चहा सांगितला आणि कप हातात धरून उभे राहिले.

"वैनी, एक इचारू? तुमी व्हय म्हणालाय का?"

"मी काहीच म्हणाले नाही."

"आबा म्हणत्यात तुमची पसंती हाय."

"आणि तुमची?"

त्यांनी कपात बघितलं. "तुमी घरात आलात तवा मी बारावीत हुतो. तुमी माझा इंग्रजीचा आभ्यास घेतला. मी तुमच्याकडं... तसं कसं बगू? लय दिस झालं, मला झोप न्हाई. आबांम्होरं तोंड उघडत न्हाई माझं. दादाचं कपाट बी मला दिलंय, वैनी. त्येची कापडं काढून माझी ठिवायला सांगितली. मी न्हाई ठिवली. पिशवीत घालून कॉटखाली ठिवल्याती."

चहा गार झाला होता तरी मी प्यायले. मग म्हणाले, "मलाही नको, भावजी."

म्हटल्यावर कप टपरीच्या फळीवर ठेवावा लागला.

२५ फेब्रुवारी, सासरी

अजून काही बोललो नाही. मामंजी बाजारात लग्नासाठी गूळ बघतायत.

दुपारी माडीवर जाऊन पडले. उजव्या कुशीला. लगेच उठले. डाव्या कुशीला पडून पाहिलं. पाठीवर. कसंही पडलं तरी आता हाताचं काय करायचं ते कळत नाही.

२८ फेब्रुवारी, सांगली

टायपिंगची परीक्षा आहे म्हणून परत येऊ दिलं. मॅडमकडे गेले. मावशीला सांगून गेले. ती तोंड फिरवून "जा" म्हणाली.

दिवाणावर पडले. मॅडमनी कापड घातलं, चुण्या पुन्हा बसवल्या. पण जमेना. खांदा उडत होता. पायाची बोटं हलत होती. मान अवघडली. माशी बसली तर सहन होईना, उडवली.

"हलतेयस," मॅडम म्हणाल्या.

"सॉरी."

"पुन्हा हललीस."

"मॅडम, मला कोपरावर हात ठेवता येत नाहीये."

त्यांनी ब्रश ठेवला. मला वाटलं रागावतील, इतक्या दिवसांचं काम. स्टूल ओढून दिवाणाशेजारी बसल्या. "बरं. पडू नकोस. उठून बस आणि मला काहीतरी सांग. काहीही."

काय सांगायचं? एकदा सुट्टीवर आले होते तेव्हा आम्ही नागपंचमी बघायला शिराळ्यात गेलो होतो, ते सांगितलं. गर्दीत मी हरवले. म्हणजे मी एका जागी उभी होते, आणि हे मला शोधत आख्ख्या गावाला वळसा घालून परत तिथंच आले. घामानं निथळत होते. म्हणाले, "एका जागी उभं ऱ्हायला पायजे व्हय?" आणि मग म्हणाले, "बरं झालं एका जागी हुतीस." त्यांच्या हातात मला घेतलेल्या बांगड्या होत्या, त्या मापानं मोठ्या निघाल्या.

हे सांगताना मी किती वेळ बोलले कोण जाणे. बघितलं तर मॅडम कधीच उठून कॅनव्हासपाशी गेल्या होत्या आणि भराभर चेहरा रंगवत होत्या.

"बोलत राहा," त्या म्हणाल्या. "बांगड्यांचं काय झालं?"

२ मार्च, सासरी

आज झालं. रविवार होता, सगळे घरी. मी आणि भावजी ठरवून काही केलं नव्हतं. जेवणं झाल्यावर मामंजींनी पंचांग काढलं तेव्हा भावजी एकदम म्हणाले, "आबा, मला न्हाई जमणार."

मामंजींनी चष्मा वर केला. "काय न्हाई जमणार?"

"ह्ये लगीन. ती माझी वैनी हाय."

"गप बस. मोट्या मानसांनी ठरीवलंय. सूनबाईंनी व्हय म्हटलंय."

"मी हो म्हटलं नव्हतं, मामंजी," मी म्हटलं. माझा आवाज फार मोठा आला. मलाच दचकायला झालं. "तुम्ही ठरवाल तसं म्हटलं होतं. ते चुकलं. मला हे लग्न नको."

मामंजी उभे राहिले. इतके दिवस मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. "मग काय करायचं आमी? तुमाला माहेरी धाडायचं आन् दार लावून घ्यायचं? त्येचं ह्या घरात काय ऱ्हाईल मग? एक पोर न्हाई, बाळ न्हाई. तुमी गेलात की झालं, पुसलं सगळं!" त्यांचा आवाज चिरकला. पंचांग फेकलं ते कपाटावर आपटलं. मग ते चप्पल न घालता शेताकडे निघून गेले.

एवढा वेळ मला वाटत होतं की ते माझी सोय बघतायत.

आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. ह्यांच्यानंतर तशा त्या बोलतच नाहीत, कामापुरतं तेवढं. मी भांडी घासायला बसले तेव्हा शेजारी येऊन राख पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "वीर्‍या म्हणत हुता, सांगलीत चित्र हाय."

"हो."

"त्येच्यासारकं हाय?"

"चित्र माझं आहे, आत्याबाई. फक्त पडलेय ती..."

"मला बगायचंय."

९ मार्च, सांगली

आत्याबाईंना घेऊन आज आले. इस्लामपूरला गाडी बदलावी लागते. आत्याबाई खिडकीपाशी बसून पदराचं टोक तोंडात धरून होत्या. मी विचारलं, "मामंजी काय म्हणाले तुम्हाला?"

"काय न्हाई. गप हाईत. पंचांग उचलून फडताळात ठिवलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "गप बसलं म्हंजे झालं. त्येंचं तसंच."

सुलामावशीही आमच्याबरोबर वर आली. जिना चढताना आत्याबाईंना दम लागला. मॅडमनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि देवापुढे उभं राहावं तशा चित्रापुढे उभ्या राहिल्या.

चित्र जवळजवळ पुरं झालंय. चेहरा नवाच होता, मी पहिल्यांदाच बघत होते. डोळे मिटलेले, पण पापणी अशी की आत्ताच कुणाचं तरी बोलणं ऐकत होती. मावशी मागून पुटपुटली, "आता नाही तसं वाटत." बाकी सगळं कापड. खांद्यावरून निघून कमरेशी गोळा झालेलं, गुडघ्यावर ताणलेलं आणि खाली दिवाणावरून ओघळलेलं. त्यातून एक पाऊल बाहेर आलेलं. मॅडमनी मला मघाच हळूच सांगितलं होतं की आख्ख्या चित्रात त्यांना ते पाऊल सगळ्यात साधलंय. गेला आठवडा त्याच्यावरच घालवला होता. टाचेवरच्या भेगासुद्धा दिसत होत्या.

आत्याबाई किती तरी वेळ बघत होत्या. त्यांनी खांदा बघितला, कोपर धरलेला हात बघितला. मग जवळ गेल्या आणि वाकल्या.

"बाई," त्या मॅडमना म्हणाल्या, "ह्यो पाय उघडा कशापायी ठिवला?"

मॅडम म्हणाल्या, "तो तसा असतो... म्हणजे जुन्या चित्रांत पाऊल दाखवतात. सुंदर दिसतं म्हणून."

"चांगला काढलाय. पर झाका की. थंडी वाजंल."

मला वाटलं मॅडम समजावून सांगतील. त्यांनी एकदा पावलाकडे बघितलं, एकदा आत्याबाईंकडे. मग टेबलाशी गेल्या आणि पॅलेटवर पांढरा काढला, त्यात थोडा मातकट, थोडा निळा. मोठा ब्रश घेतला. आमच्या देखत त्यांनी घोट्यापासून सुरुवात केली आणि कापड खाली ओढत आणलं. टाच गेली. भेगा गेल्या. अर्ध्यावर थांबून त्यांनी विचारलं, "एवढं पुरे?"

"आजून जरा खाली घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "बोटं झाकू द्या. पाय झाकल्याबिगर त्येला झोप लागत न्हवती."

"नव्हती लागत," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"गोधडी आखूड पडायची. वर ओढली की पाय उघडे. मग हाक मारायचे. मी उठून पायावर माझी साडी टाकायची, दुहेरी करून. मग झोपायचा. दिग्विजय मग झोपायचा, आत्याबाई. सकाळपर्यंत हलायचा नाही."

आत्याबाईंनी मला जवळ ओढलं. त्यांच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास होता. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मी त्यांच्या खांद्यात तोंड घालून ओरडून ओरडून रडले. खाली गल्लीत ऐकू गेलं असेल. मावशीनं खिडकी लावून घेतली.

मॅडम थांबल्या नाहीत. त्यांनी बोटं झाकली, कडेची चुणी नीट बसवली आणि मगच ब्रश खाली ठेवला.